दुपारी अडखळणारा कॉम्प्युटर

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल लागला की सोलापुरात घरोघरी एक तक्रार सुरू होते. सकाळी नीट चालणारा कॉम्प्युटर दुपारी दोननंतर अडखळतो, पंखा घरघरतो आणि काम चालू असतानाच मशीन बंद पडतं. पहिला संशय व्हायरसवर जातो. मग विंडोज नव्यानं टाकलं जातं, पैसे जातात आणि चार दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. सकाळी ठीक आणि दुपारी बिघाड, असा हिशेब असेल तर आधी उष्णतेकडे बघा.

बहुतेक प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिप, 95 ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. तरीही तापमान चढत राहिलं तर मशीन बंदच होतं. बाहेर पारा 42 वर आणि खोलीत 37-38 अंश असतील, तर पंखा तीच तापलेली हवा आत ओढत असतो. त्यात आपल्या गावाची आणखी एक अडचण आहे. अशोक चौकापासून अक्कलकोट रोडपर्यंत यंत्रमागांवर चादरी आणि टेरी टॉवेल विणले जातात, त्या सुताचे बारीक तंतू हवेत असतात. नुसती धूळ फुंकरीनं उडते. तंतू मात्र एकमेकांत गुंततात आणि पंख्याखाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर, पिंजलेल्या कापसासारखे दाबून बसतात. झाकण उघडल्यावर पंखा स्वच्छ दिसतो, म्हणून लोक पुन्हा झाकण लावून टाकतात. खरा थर दिसतो तो पंखा उचलल्यावर.

हा थर काढायचं काम सकाळी दहाच्या आत करावं आणि सोबत एखादा मित्र असावा. एकानं पंखा धरायचा, दुसऱ्यानं ब्लोअर चालवायचा. यात मदतीची खरोखर गरज आहे, कारण हवेच्या झोतानं पंखा मोकळा गरगरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं.

आता कपड्यांचं. मे महिन्यात हवा कोरडी असते, पॉलिस्टर शर्ट किंवा नायलॉनची साडी अंगाला घासली की स्थिर वीज साठते. आपल्याला जाणवणारही नाही इतक्या ठिणगीनंसुद्धा रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, जाऊ शकते. म्हणून अंगात सुती कपडे हवेत. बाह्या कोपरापर्यंत दुमडाव्यात. अंगठी, घड्याळ, धातूच्या बांगड्या काढून ठेवाव्यात, पदर किंवा ओढणी खोचून घ्यावी, गळ्यातलं लोंबत असेल तर आत घालावं. कोणत्याही भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करावा, आणि मध्ये उठलात तर परत येऊन पुन्हा करावा.

मशीन बंद करून प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. मागच्या वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या. झाकण काढा. पंखा हीटसिंकपासून वेगळा होत असेल तर तेवढाच काढा आणि पात्यांतला थर जुन्या टूथब्रशनं किंवा बारीक ब्रशनं सोडवा, मगच ब्लोअर मारा. आधी ब्लोअर मारला तर तंतू आणखी खोल बसतात. घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या प्लास्टिकच्या नळीत स्थिर वीज तयार होते. पॉवर सप्लायचा डबा बाहेरूनच झटका. तो उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, धोकादायक वीज राहू शकते.

हीटसिंक काढावाच लागला तर थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप, नवी लावावी लागते. जुनी पेस्ट तशीच ठेवून पुन्हा बसवला तर मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. काढण्यापूर्वी मशीन पाच-दहा मिनिटं चालवून बंद करा. पेस्ट जरा मऊ होते. मग हलकेच डावी-उजवीकडे फिरवून उचला. सरळ ओढलात तर एएमडी कंपनीचा प्रोसेसर असलेल्या काही जुन्या मशीनमध्ये प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवी मटाराच्या छोट्या दाण्याएवढी मधोमध ठेवा, बोटानं पसरू नका. जास्त लावल्यानं गारवा वाढत नाही, ती कडेनं बाहेर येते. मग हीटसिंक ठेवून त्याच्या चार कोपऱ्यांचे स्क्रू किंवा पिना तिरक्या जोडीनं बसवा.

मशीन उघडलंच आहे तर तारीख-वेळ दर वेळी मागे जाते का, तेही आठवून बघा. तसं असेल तर मदरबोर्डवरचा (सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवरचा) सीआर 2032 हा 3 व्होल्टचा गोल सेल बदला. तारीख चुकीची असली की बँकेची साइटसुद्धा असुरक्षित असल्याचा इशारा दाखवते आणि माणूस उगाच घाबरतो.

लॅपटॉपवाल्यांनी एवढंच करावं: तो सोलापुरी चादरीवर ठेवून चालवू नये. हवा घेण्याच्या जाळ्या बहुधा खालीच असतात आणि जाड चादर त्या पूर्ण बंद करते. खाली लाकडी पाट किंवा फळी ठेवा. कूलरचा झोतही मशीनवर थेट नको. बोअरच्या जड पाण्याचे तुषार सुकले की क्षार मागे राहतो.

मित्राच्या घरी हे काम करायला जात असाल तर थोडा संकोच पाळायलाच हवा. स्क्रूड्रायव्हर आपला घेऊन जा. पासवर्ड त्यालाच टाकू द्या आणि त्या वेळी मान वळवा. फोटोंचं फोल्डर उघडायचं कारण नाही. महत्त्वाच्या फायलींची प्रत काढली आहे का, हे झाकण उघडण्याआधी विचारा, नंतर नाही. चहा आला तर दुसऱ्या टेबलावर घ्या.

सगळं जोडल्यावर झाकण लगेच लावू नका. मशीन सुरू करून पंखा फिरतोय ना ते बघा. एखादी वायर पात्यांत अडकण्याची चूक याच टप्प्यावर होते. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन प्रोसेसरचं तापमान पंधरा मिनिटं बघा. आपल्या उन्हाळ्यात ते पन्नाशीच्या आसपास स्थिरावलं तर ठीक. चढतच राहिलं तर बंद करा आणि हीटसिंकच्या चारही पिना पुन्हा तपासा. बहुतेक वेळा त्यातली एक अर्धीच बसलेली असते.