गडग्याबाहेरची पट्टी

नमस्कार. वाचनालयाने मला विषय दिलाय 'घरापुढचा रस्ता कसा सजवावा'. खरं तर बाग हा माझा प्रांत नाही. नोकरीची वर्षं रस्त्यांवर गेली, त्यातली निम्मी गटारं उपसून घेण्यात. तेव्हा जास्वंदीपेक्षा पाण्याबद्दल जास्त बोलेन, चालवून घ्या.

गडग्यापासून, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणापासून, डांबरापर्यंतची चार-पाच फुटांची जागा सगळ्यांच्या दारापुढे असते. आपण तिला 'आमची जागा' म्हणतो. झाडतो आपण, तिथला पाचोळा पेटवतो आपण, लग्नात मांडवाचे वासेही तिथेच रोवतो. पण सातबाऱ्यावर ती नसते. रस्ता ज्याचा, त्याची ती साईडपट्टी. राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर बांधकाम खातं, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ता असेल तर जिल्हा परिषद, गावठाणातली गल्ली किंवा पाखाडी असेल तर ग्रामपंचायत. गुहागरसारख्या ठिकाणी नगरपंचायत. म्हणून खड्डा काढण्याआधी रस्ता कुणाचा ते विचारून घ्या. एका अर्जाचं काम आहे, पण कुणी करत नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता ठेवतात. पाणी डांबरावरून साईडपट्टीवर, तिथून गटारात, गटारातून रस्त्याखालच्या मोरीला आणि मोरीतून वहाळाला जावं, एवढाच त्या उताराचा हेतू. साईडपट्टी डांबरापेक्षा खाली असेल तोवर हे सगळं चालतं. आपण काय करतो? दोन ट्रॅक्टर तांबडी माती ओततो, कडेने चिरे लावतो, आत शोभेची रोपं लावतो. पट्टी रस्त्याच्या वर येते. पाणी डांबराच्या कडेलाच तुंबतं, खडीवरची डांबराची पकड सुटते, वरून गाड्या जातात आणि श्रावण येईस्तोवर कड खचते. मग आपणच म्हणतो, ठेकेदाराने माल खाल्ला. खातही असेल, मी त्याची वकिली करायला आलो नाही. पण ज्या घरापुढे चिऱ्यांचा वाफा, नेमकी तिथलीच कड तुटलेली मी इतक्या वेळा पाहिली आहे की मोजदाद सोडली.

गावठाणात रस्त्यावर भिंत, कुंपण, खांब, ओटा, पायरी घालायला ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ प्रमाणे बंदी आहे, आणि ते काढून टाकण्याचा अधिकार पंचायतीला आहे. चिऱ्यांचा वाफा ह्यात येतो का, असं मला एका सरपंचांनी विचारलं होतं. मी म्हटलं, चिरा पक्का बसवलात की येतो, जमिनीत नुसतं रोप लावलंत तर भांडायला जागा आहे. माझं मत विचाराल तर पट्टीवर चिरा नकोच. गवत वाढू द्या, पावसात तेरडा आपोआप उगवतो. फारच हौस असेल तर अबोली, कोरांटी लावा. वळणावर गुडघ्याच्या वर काही नको. एस.टी.च्या ड्रायव्हरला पलीकडची दुचाकी दिसायला हवी.

झाडांचं वेगळं. लावताना कुणी विचारत नाही, तोडताना सगळे विचारतात. ग्रामीण भागात १९६४चा वृक्षतोड नियमन कायदा आहे, त्याच्या यादीत आंबा आहे, फणस आहे. शहरी हद्दीत १९७५चा कायदा, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांच्या वरचं झाड तिथे वारसा वृक्ष ठरतं. कौतुकाने लावलेला फणस उद्या रस्त्यात आला तर 'मीच लावला होता' हे उत्तर चालत नाही. नारळ तर रस्त्याच्या कडेला लावूच नका, खाली माणसं चालतात. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडे माड-पोफळी तारांवर आडव्या झाल्या होत्या. गावंच्या गावं कितीतरी दिवस अंधारात होती, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते भोगलंय.

आणखी एक. जलजीवनची नळाची पाइपलाइन बऱ्याच वाड्यांत ह्याच पट्टीतून गेलीय. पहार मारण्याआधी पाणी सोडणाऱ्याला विचारा. त्याच्याइतकं अचूक कुठल्या नकाशातही सापडत नाही.

म्हणजे काहीच लावू नये का? तसं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला रॉन फिनली नावाच्या गृहस्थाने २०१० साली घरापुढच्या अशाच पट्टीत भाजी लावली. शहराने त्याला नोटीस धाडली, तो भांडला, लोक त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि पुढे शहराने नियम सैल केले. आपल्याला भांडायचीही गरज नाही, ग्रामसभा आहे. पट्टीची उंची, वळणावरची झाडं, मोरीचं तोंड आणि तारांखालची जागा, एवढं ठरावात लिहून घ्या. गटार कुणी आणि कधी उपसायचं तेही त्यातच लिहा, नाहीतर सुशोभीकरणाचा फोटो निघतो आणि गटार पुढल्या मे महिन्यापर्यंत तसंच राहतं.

तारांवरून आठवलं. मी स्वतः वीस वर्षांपूर्वी घरापुढे सोनचाफा लावला, बरोब्बर तारेखाली. रस्त्याचा माणूस असून. दर मे महिन्यात वायरमन येतो, मधला शेंडा उडवतो, आणि झाडाची कायमची बेचकी झालीय. आमच्या सौ. त्याला चहा देतात आणि मला विचारतात, लावताना वर बघितलं नव्हतंत का? फुलं मात्र येतात, दोन्ही फांद्यांना.