पॅनल कोणाच्या छपरावर?

(दृश्य: जांभ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, दोन्ही अंगांना माडाच्या बागा)

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, खांब आडवे झाले, गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. वाडीत स्वतःची वीज हवी, म्हणजे छपरावर सौर पॅनल हवं. पण कोणाच्या?

समजा, रस्त्यापासून खाडीकडे उतरणाऱ्या पाखाडीला १२ घरं आहेत, दर २० मीटरवर एक. वर बॅटरीची खोली. तिथून ४८ व्होल्ट डीसीची, म्हणजे बॅटरीच्या विजेची, लाइन निघते, १६ चौरस मिलिमीटर तांब्याची. दिवे आणि बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा मिळून प्रत्येक घर १ अँपियर ओढतं. शेवटच्या घरापर्यंत व्होल्टेज साडेतीन व्होल्टने पडतं आणि ३० वॅट नुसते तारेत तापून जातात.

आता ८ अँपियर देणारं पॅनल आणा. बॅटरीच्या खोलीवर बसवलं, तर ते ३० वॅट तसेच. आठव्या घरावर बसवलं, तर साडेतीन वॅट! पॅनल तेच, तार तीच. आठव्या घराचा स्वतःचा १ अँपियर, खालच्या चार घरांचे ४, वरच्या तीन घरांचे ३. खोलीकडे पहिली चारच घरं उरतात.

मग आणखी मोठं पॅनल थेट खालच्या टोकाला? तिथेच फसगत होते. शेवटच्या घरावरून १२ अँपियर सोडले, तर सगळी वीज पाखाडी चढू लागते. तारेत पुन्हा २३ वॅट जातात आणि त्या घरचं व्होल्टेज ५१ वर पोचतं. घरं सारख्या अंतरावर आणि लोड (घराने ओढलेला प्रवाह) सारखा असेल, तर एकूण लोडच्या दोन-तृतीयांश क्षमतेचा स्रोत दोन-तृतीयांश अंतरावर, हा हिशेब पक्का. लाइनला फाटे फुटले की तो पुरत नाही. पॅनलसाठी २० जागांतून तीन निवडायच्या, तर ११४० पर्याय होतात, ते संगणकाने तपासायचे. शिवाय कन्व्हर्टरवरची (व्होल्टेज बदलून घेणारी) उपकरणं व्होल्टेज पडलं की जास्त प्रवाह ओढतात, म्हणून आकडे स्थिरावेपर्यंत हिशेब पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो.

आठव्या छपरावर माडांची सावली पडते? नवव्यावर न्या, तारेतला तोटा तेवढाच. सातव्यावर नेलंत तरी जेमतेम चार वॅट. सावली मात्र याहून कितीतरी जास्त खाते. कोकणात आधी सावली बघावी, मग तार.

(दृश्य: हिरवट थर चढलेला लग, म्हणजे तारेच्या टोकाचा धातूचा जोड, अगदी जवळून)

खाऱ्या हवेने बॅटरीच्या खोलीतल्या या जोडाचा रोध ०.१ ओहम झाला, तर रात्री १२ अँपियरला इथेच १४ वॅट जळतात. लाइन चालू असताना मल्टिमीटरच्या (व्होल्ट मोजायच्या यंत्राच्या) दोन्ही पिना जोडाच्या दोन बाजूंना लावा. १.२ व्होल्ट दिसले, की लग बदला. कथील चढवलेला घ्या, नीट क्रिंप करा (दाबून तारेवर बसवा), वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी).

आठव्या घरी स्रोत आला, की लाइनमध्ये कुठे शॉर्ट झालं, तर त्याला दोन्हीकडून वीज मिळते. म्हणून तिथेही एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप बंद होणारा स्विच) हवी, आणि ती डीसीचीच. डीसी प्रवाह आपणहून शून्यावर येत नाही, त्यामुळे एसीच्या, म्हणजे घरातल्या नेहमीच्या विजेच्या, एमसीबीत ठिणगी विझेलच असं नाही. काही डीसी एमसीबींवर अधिक-उणे छापलेलं असतं, त्या एकाच दिशेच्या प्रवाहासाठी असतात. इथे दिवसा वीज आठव्या घरातून वर चढते, रात्री खाली उतरते. अधिक-उणे नसलेलीच घ्या.