गावच्या शाळेला काय द्यायचं? आधी वही उघडा!

नमस्कार मंडळी! स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ तुम्ही अगदी डोक्यावर घेतलात. दशावतारात गणपतीची सोंड सुटली आणि सिद्धी झालेल्या पोरीने ती शेवटपर्यंत हाताने धरून ठेवली, तो तुकडा इतका फिरला की पोरीला आता बाजारात लोक ओळखतात. तिच्या आईला विचाराल तर फारसं बरं नाही झालं म्हणेल.

असो. त्या व्हिडिओखाली मुंबईकरांचा एकच प्रश्न सारखा येतोय: "ताई, आमच्या मंडळाला गावच्या शाळेसाठी काहीतरी करायचंय. काय देऊ?"

सध्या काहीच देऊ नका. अहो थांबा, व्हिडिओ बंद नका करू! आधी विचारा, मग द्या. आणि विचारायचं कुणाला, तेच आज सांगणार आहे.

जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 21. किमान 75 टक्के सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक सचिव, महिन्याला एक बैठक. शाळेचा विकास आराखडाही हीच समिती करते. हे सगळं कुठेही वाचायला मिळेल, पुढे चला.

न मिळणारी गोष्ट ही की बैठक होतच नाही. वही होते, म्हणजे बैठकीचे ठराव लिहायची वही. मी समितीत आले तेव्हा दुपारी भाकऱ्या भाजत होते, तर तिसरीतला शेजारचा पोरगा दप्तरातून वही काढून उभा. "काकी, बाईंनी सही सांगितलीय." पान उघडलं तर वर तारीख, खाली सह्यांची रांग आणि मधे चार बोटं जागा कोरी. ठराव नंतर लिहिणार! मी म्हटलं, यावर काय लिहिणार आहेत? पोरगा म्हणतो, "ते मला नाय ठाऊक, तुमी करा ना सही, मला खेळायला जायचंय."

आणि बाकीच्या आयांनी केल्या होत्या सह्या. का? "आमका काय कळता त्यातला? तुमीच काय ता बघा, बाई." बाईंना तरी कशाला दोष द्यायचा, दोन शिक्षकांत पाच वर्ग, वर पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती. बैठक अकरा वाजता ठेवली तर मासळी घेऊन बाजारात गेलेली आई येणार कशी? एप्रिल-मेमध्ये अख्खी वाडी आंब्याच्या कलमांच्या बागेत, पेट्या भरायला. म्हणून वही घरोघर फिरते.

तर माझं म्हणणं एवढंच: आधी ठराव, मग सही. कोऱ्या जागेखाली सही करायची नाही. खाली कमेंट येणार, "ताई, कागदी घोडे नाचवून शाळा सुधारते का?" दादा, ऐका.

मुंबईकराच्या बाजूने बघा. शेजारच्या गावातल्या मंडळाने मोठ्या हौसेने प्रोजेक्टर दिला. नारळ फोडला, शाली झाल्या, फोटो झाले. वीजबिल कोण भरणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं. बिल थकलं, मीटर कापला. पावसाळ्यात खोलीला ओल आली, भिंगावर बुरशी चढली. दुसऱ्या वर्षी मंडळाने काय दिलं असेल? नवीन पडदा! वहीत साधी ओळ असती, 'बिल अमुक निधीतून भरावे, सूचक अमुक, अनुमोदक तमुक', तर पुढच्या बैठकीत कुणीतरी विचारलं असतं की बिलाचं काय झालं.

आता शिक्षकांच्या बाजूने बघा. शाळेत आलेली वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवावी लागते. बदली झाली की त्याच नोंदवहीवरून चार्ज द्यायचा असतो. ठराव नाही, पावती नाही, नोंद नाही, अशी वस्तू म्हणजे मास्तरांच्या जिवाला घोर. मग काय, कपाटात कुलूपबंद. पोरं तिला वर्षातून दोनदा बघतात, 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला.

आणि आईच्या बाजूने. आमच्या शाळेत आता बैठक साडेचारला, शाळा सुटल्यावर, पडवीत. पहिल्याच खऱ्या बैठकीत प्रोजेक्टरचं नाव कुणी काढलं नाही. एक जण म्हणाली, शिष्यवृत्तीचा जादा तास पावसात अंधार पडेपर्यंत चालतो, लाइट जाते, आणि वरच्या वाडीतल्या पोरींना व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून एकटीने यावं लागतं, म्हणून आपण पाठवतच नाही. हे बाईंनाही माहीत नव्हतं! ठराव झाला: मंडळाकडे इन्व्हर्टर आणि सराव प्रश्नपत्रिकांचे संच मागायचे, पोरींना सोडायला पालकांनी पाळी लावायची. पाळीचं नाव वहीत. माझं नाव बुधवारी आहे, म्हणून बुधवारी नवीन व्हिडिओ येत नाही, विचारत असता ना!

त्या पोरींपैकी एकीचं नाव पुढे गुणवत्ता यादीत लागलं. बुद्धिमत्ता चाचणी सरावाशिवाय जमत नाही, आणि सराव करायला शाळेत पोचावं लागतं.

यावर कुणीतरी लिहिलं होतं, "पट इतका कमी, कशाला हव्यात असल्या शाळा, बंद करा." या माणसाला मी जुलैत आमच्या व्हाळावर उभं करणार आहे. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी हे नियमात उगीच नाही घातलेलं. कोकणात वाडी डोंगराच्या एका अंगाला आणि गाव दुसऱ्या. आणि शाळा लहान म्हणजे पोरं लहान असं नसतं हो. रत्नागिरी जिल्हा परिषदेने आपल्याच शाळांतली मुलं परीक्षा घेऊन निवडली आणि इस्रो, नासा दाखवून आणली.

बरं, चाकरमान्यांचं एक मला कळतं. तुम्ही येता गणपतीला आणि मे महिन्यात. आपल्याकडे गणपतीला शाळेला सुट्टी, मेमध्ये तर असतेच. म्हणजे भरलेली शाळा तुम्ही स्वतः शिकत होतात तेव्हाच शेवटची बघितलीत! मग आठवणीतल्या शाळेला वस्तू देता. मंडळातला एक माणूस जुलैत पाठवा, भर पावसात, चालू शाळेत. गळणारं कौल त्याला आपोआप दिसेल. दसऱ्याच्या पाटीपूजनाला आलात तर अजून उत्तम, पोरांनी काढलेली सरस्वती बघाल आणि प्रसादही मिळेल.

दप्तरं नकोत का? नकोत असं नाही. पण पोरगं एक आणि दप्तरं तीन अशी घरं आमच्या वाडीत आहेत. एकात कांदे ठेवलेत.

शेवटची कमेंट: "समितीची वही बाहेरच्याला बघता येते का? माहिती अधिकारात अर्ज टाकू का?" येतो टाकता, कायदा 2005 पासून आहे. पण आधी नुसतं शाळेत जाऊन मागून बघा. बहुतेक ठिकाणी देतात, वर चहासुद्धा विचारतात. आणि वही उघडलीत की पहिल्यांदा कोरी जागा शोधा. सापडली तर पानाचा फोटो इथे टाकू नका, बिचाऱ्या बाईंची नोकरी आहे. अध्यक्षांना फोन करा आणि पुढची बैठक कधी ते विचारा.