गिळणे वेगळे, मारणे वेगळे

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालील फुप्फुसाचा छेद.)

वायुकोशात दिसणारी ही मोठी पेशी म्हणजे महाभक्षक पेशी, अर्थात मॅक्रोफेज. श्वासावाटे आलेली धूळ, काजळी आणि जंतू गिळणे हे तिचे रोजचे काम. क्षयाचा जंतूही ती असाच गिळते, पण पुढे घोडे अडते. एरवी गिळलेला जंतू ज्या पिशवीत असतो, ती लयकारिकेला, म्हणजे पेशीतल्या पाचक विकरांच्या पिशवीला, जाऊन मिळते आणि तिथली विकरे त्याचा फडशा पाडतात. क्षयाचा जंतू मात्र हे मीलनच रोखून धरतो आणि आपल्याला संपवायला निघालेल्या पेशीच्या पोटात वाढू लागतो.

१८८२ च्या मार्चमध्ये बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू जगापुढे मांडला. त्याच वर्षाच्या अखेरीस, सिसिलीतील मेसिना येथे, इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला आणि त्याभोवती गोळा होणाऱ्या भटक्या भक्षक पेशी पाहिल्या. (परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे ते हाफकिन हे याच मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी.) गिळलेला जंतू मरत का नाही, या प्रश्नाचे उत्तर मिळायला पुढे जवळपास शंभर वर्षे लागली.

(दृश्य: पेशीच्या पृष्ठभागाचे रेखाचित्र.)

पेशीला निरोप लागतो. टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, इंटरफेरॉन गॅमा नावाचे प्रथिन सोडतात. ते महाभक्षक पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटले की आतल्या बाजूची जॅक-१ आणि जॅक-२ ही विकरे जागी होतात आणि त्यांच्यामुळे स्टॅट-१ या प्रथिनाला फॉस्फेट जोडला जातो. अशी दोन स्टॅट-१ प्रथिने जोडीने केंद्रकात शिरतात आणि जंतू मारण्याच्या कामी येणारी जनुके चालू करतात. अडलेले मीलन आता होऊ लागते.

हा निरोप किती मोलाचा आहे, हे बीसीजी या क्षयाच्या लसीवरून कळते. आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर तिचा छोटा व्रण असतो. मात्र ज्या मोजक्या बालकांत इंटरफेरॉन गॅमाचा ग्राहीच जन्मतः सदोष असतो, त्यांच्या शरीरभर लसीतला दुबळा जंतूसुद्धा पसरू शकतो.

दुसरे प्रथिन टीएनएफ. ते महाभक्षक पेशी स्वतःच तयार करतात आणि जंतूंना कोंडून ठेवणारी पेशींची गाठ, म्हणजे ग्रॅन्युलोमा, त्याच्या आधाराने टिकते. हेच टीएनएफ संधिवातात सांध्याच्या अस्तरात अखंड पाझरत राहते आणि कूर्चा व हाड झिजवते. आयएल-१० सारखी दाह शमवणारी प्रथिने एरवी त्याला लगाम घालतात. इथे तो पुरत नाही. म्हणून टीएनएफला अडवणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे आली आणि सकाळी मूठ वळवता न येणाऱ्या अनेक रुग्णांना खरोखर आराम पडला. पण २००१ मध्ये, हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांत क्षय उफाळून आल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या: सांध्यातला जाच थांबला होता आणि फुप्फुसातली जुनी गाठही सैल पडली होती.

ज्या देशात कितीतरी निरोगी माणसांच्या शरीरात हा जंतू निद्रिस्त आहे, तिथे ही बाब किरकोळ नाही. त्यामुळे असे औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे काढतात आणि त्वचेची किंवा रक्ताची चाचणी करतात. रक्ताच्या चाचणीत नळीतल्या रक्ताला क्षयाच्या जंतूची प्रथिने दाखवली जातात आणि त्यातल्या टी पेशी उत्तरादाखल किती इंटरफेरॉन गॅमा सोडतात, ते दुसऱ्या दिवशी मोजले जाते.