जंतू नसलेला न्यूमोनिया

मंडळी, २०२१चा एप्रिल-मे आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तेव्हा घरोघरी आला. वॉर्डात नातेवाइकांची एकच विनवणी असायची, "डॉक्टर, त्र्याण्णवच दाखवतंय, जरा वाढवा ना!" त्याच मे महिन्यातल्या एम्स-आयसीएमआरच्या सूचनांमध्ये उद्दिष्ट होतं ९२ ते ९६. शंभर नव्हे. पुष्कळांना वाटलं, सिलिंडर मिळत नाहीत म्हणून ही काटकसर. पण जास्तीच्या ऑक्सिजनची धास्ती सव्वाशे वर्षं जुनी आहे.

१८९९ साली जेम्स लॉरेन स्मिथ या स्कॉटिश विकृतिशास्त्रज्ञानं उंदरांना काही दिवस भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवलं. ते दगावले. फुप्फुसं उघडली तर न्यूमोनियात होतात तशी घट्ट, पाण्यानं भरलेली. संसर्ग मात्र झालेला नव्हता. जंतूच नाहीत, मग एवढी सूज आणली कुणी?

माणसावरचा पुरावाही आहे. १९४५ साली अमेरिकेत धडधाकट तरुणांना चोवीस तास शुद्ध ऑक्सिजन दिला. बहुतेकांच्या छातीच्या हाडामागे दुखायला लागलं, खोल श्वास घेतला की जास्तच. गंमत अशी की अठरा हजार फूट उंचीइतका कमी दाब ठेवून तोच शुद्ध ऑक्सिजन दिला, तेव्हा तक्रार उरली नाही. म्हणजे महत्त्व टक्क्यांना नाही, ऑक्सिजनच्या दाबाला आहे. अपोलोचे अंतराळवीर दिवसचे दिवस शुद्ध ऑक्सिजनवर राहिले ते यामुळेच. त्यांच्या यानातला दाब आपल्या हवेच्या साधारण एक तृतीयांश होता.

आता पेशीच्या आत जाऊ. ऑक्सिजन वापरताना थोडा भाग नेहमीच अर्धवट राहतो आणि त्यातून सुपरऑक्साइडसारखे उपद्रवी रेणू तयार होतात. ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा यांचं मूळ एकच, असले उपद्रवी रेणू म्हणजेच मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स), असं रेबेका गेर्शमन या अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञ बाईंनी १९५४ सालीच मांडलं होतं. फार कुणी मनावर घेतलं नाही. १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडचा बंदोबस्त करणारं विकर (एन्झाइम) दाखवून दिलं, तेव्हा चक्रं फिरली.

पण निम्मी गोष्ट अजून बाकी आहे. प्रयोगशाळेतले मोठे उंदीर शुद्ध ऑक्सिजनमध्ये साधारण तिसऱ्या दिवशी दगावतात. त्यातला पहिला दीड दिवस सूक्ष्मदर्शकाखाली फारसं काही दिसत नाही. मग केशवाहिन्यांच्या अस्तरातल्या जखमी पेशी हाका मारायला लागतात आणि न्यूट्रोफिल, म्हणजे आपल्या पांढऱ्या पेशींमधले शिपाई, फुप्फुसात गोळा होतात. त्यांच्याकडे जंतू मारायची दोन हत्यारं. एक, इलास्टेजसारखी ऊती पचवणारी विकरं. आणि दुसरं? तेच सुपरऑक्साइड! आधीच त्याच विषानं पोळलेल्या जागी शिपाई तेच विष ओततात. समोर जंतू नसतात, म्हणून मार बसतो अस्तराला. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते हे.

वायुकोश, म्हणजे फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे, आणि रक्त यांच्यामधला पडदा मायक्रॉनपेक्षाही पातळ. तो गळायला लागला की प्रथिनयुक्त पाणी वायुकोशात उतरतं आणि रक्तातला ऑक्सिजन घसरतो. आकडा घसरला की आम्ही डॉक्टर काय करतो? ऑक्सिजन वाढवतो. खरी गोची इथे आहे.

मग शिपायांनाच अडवलं तर? त्यांना बोलावणारा रासायनिक निरोप ज्यांना घेता येत नाही, असे उंदीर जास्त टिकले. पण इतर काही प्रयोगांत न्यूट्रोफिल काढून टाकूनही इजा झाली. माझा सगळ्यात आवडता प्रयोग १९७८चा. उंदरांना जंतूंचं विष, एंडोटॉक्सिन, अगदी थोडं टोचलं आणि भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवलं. ते दाह पेटवणारं, म्हणजे उंदीर लवकर मरायला हवेत. पण बहुतेक जगले, आणि न टोचलेलेच जास्त मेले. त्या छोट्या इशाऱ्यानं फुप्फुसानं स्वतःची संरक्षक विकरं वाढवून ठेवली होती. म्हणून "दाह वाईट, दाबून टाका" इतकं सोपं उत्तर कुणी दिलं, की मी सावध होतो.

दाबून पाहिलंही आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांचा जो आजार १९६७ साली नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी वर्णन केला, त्यातली बाळं व्हेंटिलेटरवर होती आणि त्यांना ८० ते १०० टक्के ऑक्सिजन मिळत होता. पुढे अशा बाळांना पहिल्याच आठवड्यात डेक्सामेथासोन हे दाह दाबणारं स्टिरॉइड देऊन पाहिलं. फुप्फुसं सुधारली, पण सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणाऱ्या अधूपणाचं, प्रमाण वाढलेलं आढळलं.

घाबरून उद्या कुणी मास्क ओढून काढू नका. धाप लागलेल्या, आकडा खाली गेलेल्या माणसाला ऑक्सिजन द्यायलाच हवा आणि तातडीच्या वेळी शंभर टक्केही. आमची धडपड पुढच्या तासांत असते, दिला जाणारा ऑक्सिजन साठ टक्क्यांच्या खाली कधी आणता येईल याची.

आणि एक घरी न्यायची गोष्ट. कॅन्सरसाठी ब्लिओमायसिन हे औषध घेतलेल्या फुप्फुसाला जास्तीचा ऑक्सिजन अधिक बाधू शकतो. घरात असं कुणी असेल, तर पुढे साध्या हर्नियाचं ऑपरेशन असलं तरी भूलतज्ज्ञांना ते आधी सांगा. फाईलमध्ये असेल म्हणून गप्प बसू नका, फाईल बहुधा घरीच राहिलेली असते.