दाराच्या पोटातलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

रात्रभर पाऊस झालाय. सकाळी गाडीचं दार उघडताना आतून पाणी डुचमळलं, तर तो आवाज मनावर घ्या.

काचेलगतच्या रबरातून दारात थोडं पाणी झिरपणारच. गाडी बनवणारेही ते धरूनच चालतात, म्हणून दाराच्या खालच्या काठाला बारीक फटी ठेवलेल्या असतात. चिखल आणि कुजलेल्या पानांनी त्या बुजल्या की पाणी कोंडतं. दाराखाली दोन चाकांच्या मधोमध जी लांब पोकळ पट्टी असते, तिचंही तसंच. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर, तोही आतून खाल्ला जातो. बाहेर रंगाला फोड येईपर्यंत आत चाळण झालेली असते. कोकणात तर खारा वारा. मीठ ओल धरून ठेवतं आणि गंज झपाट्याने वाढतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या पुरात ज्यांच्या गाड्या बुडाल्या, त्यांनी या पोकळ्यांत बसलेला गाळ आवर्जून धुऊन काढायला हवा होता. सीट वाळवून भागत नाही.

पावसाआधी गाडीला खालून काळं कोटिंग मारून घेतात. चांगलंच आहे. पण काम चालू असताना तिथे उभे राहा. फवाऱ्याखाली पाणी जायची भोकंच बुजलेली मी पाहिली आहेत, आणि फार वाईट वाटलं. शिवाय हे कोटिंग पोकळीच्या आत पोहोचत नाही. आतल्यासाठी पातळ मेण मिळतं, कॅव्हिटी वॅक्स. लांब नळीने फवारलं की ते सांध्यांत शिरतं. वैशाखात, गाडी धुऊन दोन-चार दिवस कडक उन्हात सुकल्यावरच मारा. नंतर भोकं पुन्हा तपासा. पत्र्याला वेल्डिंग केलं असेल तर तिथलं मेण जळतं, ते परत मारावं लागतं. जळकं ऑइल मात्र ओतू नका, रबर फुगतं.

दुचाकीवाल्यांनो, पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं, लिटरमागे साधारण लिटरभर. जवळच्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापत नाही, ते पाणी आतच राहतं. त्याच्या खालचं बारीक भोक बुजवू नका.

दाराच्या फटी प्लॅस्टिकच्या काडीने मोकळ्या करा, तारेने रंग खरवडला जातो. खाली पांढरी वाटी धरा. पाणी तांबडं आलं म्हणून लगेच घाबरू नका, आपली मातीच जांभ्याची. वाटीच्या तळाशी पत्र्याचे पापुद्रे दिसले, तर मात्र त्याच आठवड्यात गॅरेज गाठा.