जबड्यातला आवाज बंद झाला, तेव्हा

कानाच्या अगदी पुढे बोटं टेकवा आणि तोंड सावकाश उघडा. बोटांखाली काहीतरी आधी फिरतं, मग पुढे सरकतं. हा खालच्या जबड्याचा वरचा गोलसर शेंडा, कंडाईल. कवटीच्या खोबणीत तो बसतो आणि दोघांच्या मध्ये असते एक चिवट चकती. मधे पातळ, कडांना जाड.

ही चकती कधीकधी जागा सोडते, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. मग तोंड उघडताना शेंडा तिच्या जाड कडेवरून उडी मारून मध्यावर येतो. जांभई देताना 'कट्' वाजतं ते हेच. दुखत नसेल तर सहसा उपचारही लागत नाहीत.

पण एखाद्या दिवशी आवाज बंद होतो. चला, सुटलो! आणि वडापावाचा घास घ्यायला जावं तर तोंड पुरतं उघडतच नाही. चकती आता जागेवर परत येत नाही, उलट शेंड्याची वाट अडवून बसते. एरवी वरच्या-खालच्या दातांत ४० ते ५० मिलिमीटर अंतर पडतं, ते बरंच अलीकडे अडतं. हनुवटी अडलेल्या सांध्याच्या बाजूला वळते.

आता अशा जबड्याचं सीबीसीटी स्कॅन, म्हणजे हाडांचं त्रिमितीय एक्स-रे चित्र, डोळ्यांसमोर आणा. एका बाजूचा शेंडा गोल, गुळगुळीत. दुसरा वरून चपटा झालाय. कडेची पांढरी रेघ एका जागी झिजून तुटलीय आणि पुढच्या टोकाला चोचीसारखं हाड वाढलंय. परत जागेवर न येणाऱ्या चकतीसोबत असे बदल जास्त आढळतात. वाढत्या वयात हे झालं, तर त्या बाजूचं हाड आखूड राहून चेहरा वाकडा दिसू शकतो.

मग चकतीमुळे हाड बदललं, की हाडामुळे चकती घसरली? चकती शिवून जागेवर बसवायची कल्पना जुनी. एडिंबरोचे सर्जन थॉमस अ‍ॅनंडेल यांनी ती १८८७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पण एमआरआय आल्यावर पंचाईत झाली. काहीच तक्रार नसलेल्या कितीतरी लोकांच्या चकत्या घसरलेल्या निघाल्या! शिवाय, चपटेपणा हा दरवेळी आजार नसतो. बदललेला भार पेलायला हाड स्वतःला नव्याने घडवतंही. स्कॅन भयंकर आणि दुखणं किरकोळ, किंवा नेमकं उलटं, असंही घडतं.

म्हणून डॉक्टर आधी पट्टीने तोंड किती उघडतं ते मोजतात, सांधा दाबून पाहतात. सुरुवात मऊ आहार, शेक, जबड्याचे व्यायाम, गरज पडली तर दातांवर स्प्लिंट (दातांवर बसणारं काढता येणारं आवरण), एवढ्यावरच होते. शस्त्रक्रियेची पाळी फार थोड्यांवर येते.